किष्नीची पोथी

सावदे,
पौष शुद्ध सप्तमी, शके १८५५

प्रिय यशू,

तुझं कार्ड पोचलं. अक्षर तुझ्या पुतण्याचं होतं, पण बोलणं अगदी तुझंच. उजवा हात गेला, मासिक बंद पडलं, आणि दोन्ही एकदम झालं ते बरंच झालं, म्हणे. लिहून कुणाचं भलं झालं, म्हणे. बंबात घालायला कागद झाले तेवढाच उपयोग, म्हणे. आणि खाली, "आता मला लिही म्हणू नकोस कमळे, थकले मी." मी ते वाचलं, पदराने चष्मा पुसून परत वाचलं आणि तुझा असा राग आला म्हणून सांगू! तिथे असते तर लहानपणीसारखी तुझी वेणी ओढली असती. पण राग फार वेळ टिकला नाही. थकलेल्या माणसावर थकलेल्या माणसाने रागवायचं म्हणजे दोघांनाही धाप लागायची. मी तुला नुसतं 'पुढचं प्रकरण कधी?' एवढंच विचारलं होतं. का विचारलं ते लिहिलं नव्हतं. ते आज लिहिते. लांबण लागेल, पण तुला आता दुसरं काम तरी काय आहे? वाच स्वस्थ बसून.

आधी माझं सांगते. शाळा आहे तशीच आहे. कापसाचा हंगाम लागला की निम्म्या मुली वेचणीला जातात आणि उरलेल्या निम्म्या कडेवर भावंडं घेऊन येतात. मी एकीला पाढे म्हणायला सांगते आणि भोकाड दुसरंच कुणीतरी पसरतं. तपासणीला साहेब येऊन गेले, त्यांनी भिंतीवरचा नकाशा वाकडा आहे एवढं लिहून नेलं. घसा पार गेला आहे गं. सकाळी पहिला तास होईस्तोवर आवाज असतो, मग नुसता वारा. वैद्य म्हणतात, बोलणं बंद ठेवा. मास्तरणीला बोलणं बंद ठेवायला सांगायचं म्हणजे गवळ्याला दूध विकू नको म्हणण्यासारखं आहे. पेन्शनीला अजून अवकाश आहे आणि माझ्या जागी यायला कुणी तयार नाही. धुळ्याजळगावची शिकलेली बाई सावद्याला येत नाही आणि सावद्याची बाई शिकत नाही. असं घोडं अडलं आहे.

कधी कधी शाळा सुटल्यावर ओट्यावर बसते तेव्हा आपली पांझरा आठवते. तू आणि मी धुणं घेऊन जायचो. आपटायचं सगळं मी आणि तू दगडावर पाय सोडून गोष्ट सांगायचीस. राजाच्या मुलीला विहिरीत ढकललं की नेमकं धुणं संपायचं. "उरलेलं उद्या," म्हणून तू उठायचीस. मी किती चिडायचे! रात्रभर त्या मुलीला विहिरीत ठेवून झोपायचं म्हणजे काय गंमत आहे? आईने एकदा विचारलं होतं, कमळे, तू कुणी न सांगता रोज धुण्याला जातेस, एवढी शहाणी कधीपासून झालीस? तिला काय सांगणार? यशी मला उद्याच्या दोरीने बांधून ओढत नेते, हे सांगून कुणाला पटलं असतं.

आणि यशू, जे तोंडावर कधी बोलले नाही ते आज लिहून टाकते, कारण आता आपल्या दोघींच्याही हातात फार वेळ आहे असं मला वाटत नाही. तुझे माझ्यावर उपकार आहेत. आमच्या ह्यांनी मला माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला आले नाहीत, तेव्हा घरात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायला लागले, आजाऱ्याशी बोलतात तसं. मग मी सातवीची फायनल दिली आणि मास्तरीण होऊन इकडे आले. इथे तर हळू आवाजातही बोलायला कुणी नव्हतं. त्या दिवसांत मासिकात तुझी कृष्णी यायला लागली. मी टपाल कचेरीच्या पायरीवर बसून पाकीट फोडायचे. घरापर्यंत दम निघायचा नाही. कृष्णी विहिरीवर बायकांची गर्दी ओसरेपर्यंत घागर घेऊन झाडाआड थांबते, ते तू लिहिलं होतंस. मी तशीच थांबायचे. तुला मी कधी सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं, हे मी आजही तुला विचारणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी भर गर्दीत घागर घेऊन गेले. कृष्णीसारखी जगात आणखी एक आहे, आणि ती कुणीतरी लिहून छापली आहे, एवढ्यावर मी गेले. आता म्हण, लिहून कुणाचं भलं झालं!

बरं, माझं एकटीचं राहू दे. तू म्हणशील, कमळीला भलं म्हणायची सवयच आहे. तुला माझ्या शेजारच्या गिरधरनानांच्या ओसरीवर नेते. नाना म्हणजे आमच्या गल्लीतलं मोठं शेतकरी घर. कापूस, केळी, दोन बैलजोड्या, आणि शब्द असा की एकदा तोंडातून गेला की परत फिरायचा नाही. त्यांच्या ओसरीवर दर श्रावणात पोथी लागते. वनाबुवा वाचायचे, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून औंदा नाना माझ्याकडे आले. बाईने पोथी वाचायची हे गल्लीत नवीनच, पण दुसरं वाचणारं होतं कोण? मी गेले. चौरंग मांडला, समई लावली, माणसं जमली, मी पोथीचा रुमाल सोडला आणि आत काय, नुसता भुगा! वाळवीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं पारायण आधीच करून ठेवलं होतं. आता आली का पंचाईत. मांडलेली पोथी त्या दिवशी वाचली गेलीच पाहिजे, आणि एकदा वाचायला घेतली की समाप्तीपर्यंत चौरंगावरून हलवायची नाही, खंड पडला तर घराला बाधतं, असा इकडे रिवाज. नानांचा चेहरा काळवंडला. मी घरी गेले आणि शाळेची पुस्तकं सोडली तर माझ्याकडे छापील असं जे एकच होतं ते घेऊन आले. मासिकातून फाडून मी शिवून ठेवलेली तुझी कृष्णी.

मी त्यांना स्वच्छ सांगितलं हो, ही पोथी नाही, ही गोष्ट आहे, माझ्या मैत्रिणीने लिहिलेली. नानांच्या मंडळी, बेबाबाई, म्हणाल्या, "पोथीत तरी काय अस्ते बाई? गोष्टच ना?" आणि त्यांनी तुझी कृष्णी वाळवीच्या त्या लाल रुमालावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मैत्रीण हा शब्द कुणाच्या कानात शिरलाच नाही, सगळ्यांच्या तोंडी ती झाली 'किष्नीची पोथी'. मी फार थकले होते. वाचायला लागले.

तुला हसू येईल, पण पोथी म्हटल्यावर तिचा अर्थ सांगावा लागतो. एक ओळ वाचायची, थांबायचं, अर्थ सांगायचा. तू लिहिलंस, 'कृष्णीने दार लोटून घेतले.' मी वाचलं. समोर लोटनआप्पा बसलेले, नानांचे चुलतभाऊ, दातांचं आणि त्यांचं भांडण झालेलं. ते म्हणाले, "म्हन्जे?" मी म्हटलं, म्हणजे दार लावलं. "ते समजलं. पन कामून लावलं?" आता ह्याला काय सांगावं! मी म्हटलं, बाहेरच्यांनी रडताना बघू नये म्हणून. तर सगळी ओसरी "हां" म्हणाली आणि लोटनआप्पांनी हात जोडले. असं रोज. सुरुवातीला माझ्या नाकी नऊ आले. मग हळूहळू मलाच कळायला लागलं की तुझ्या साध्यासाध्या वाक्यांना किती खोल तळ आहे. मी ती कितीदा वाचली होती, पण दार कामून लावलं हे कधी थांबून विचारलं नव्हतं. एवढे शिकलेले लोक ते मासिक घेत होते, त्यांतल्या कुणी तुझी ओळ हात जोडून ऐकली असेल असं मला वाटत नाही.

आता शेवंता. नानांची धाकटी सून, विधवा. नानांचा मुलगा पटकीत गेला, लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. वय असेल एकोणीस-वीस. मुली घरी गेल्या की ती मागच्या दाराने माझ्या शाळेत यायची आणि पाटी घेऊन बसायची. आधी अक्षरं, मग जोडाक्षरं, आणि आता अशी सरळ रेघेत लिहिते की माझंच अक्षर तिच्यापुढे कोंबडीचे पाय वाटतं. तिला फायनल द्यायची आहे आणि मास्तरीण व्हायचं आहे. पण आमच्या शाळेत चौथीच्या पुढे वर्ग नाही, त्यासाठी धुळ्याला जायला हवं. आणि नानांच्या मनात तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायचं होतं. इकडे त्यात कमीपणा नाही, उलट घरचे भले असले तरच करून देतात. स्थळही आलं होतं. रावेरकडचे मोठे बागाईतदार, केळीचे मळे, आणि पहिल्या बायकोची मुलं शेवंतेच्या बरोबरीची. शेवंतेला ते नको होतं. पण सुनेला नको म्हणायला तोंड कुठे असतं? तिने मला सांगितलं, मी बेबाबाईंना सांगितलं, बेबाबाईंनी नानांच्या कानावर घातलं. नाना म्हणाले, "घरात पोथी मांडलेली हाय. पोथी संपू द्या. मंग ठरवू, पाट का शाळा." शेवंता रोज ओसरीच्या दाराआड बसून ऐकायची. ओसरीवरच्या प्रत्येकाला गोष्ट ऐकायची होती, तिला तिचा निकाल ऐकायचा होता.

मग ते भाकरीचं प्रकरण आलं. कृष्णीचा नवरा जातो आणि ती सवयीने त्याच्याही वाटची भाकरी थापत राहते, रोज एक जास्तीची, आणि सासू एक शब्दही न बोलता ती उचलून गाईला घालते. मी वाचत होते. लोटनआप्पांनी म्हन्जे विचारलं नाही. मी मान वर केली तर बेबाबाई उठून आत गेलेल्या. मला वाटलं, झालं, काहीतरी लागलं त्यांना. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "बाई, त्या लिहिनारीले आमच्या घरातलं कोनं सांगितलं व?" शेवंता तसंच करत होती, आणि बेबाबाई ती भाकरी तशीच गाईला घालत होत्या, आणि सासूसुनांत त्यावर एका अक्षराने बोलणं झालेलं नव्हतं. मी सांगितलं, कुणी नाही सांगितलं, ती धुळ्याची आहे, ती सावद्याला कधी आलेलीही नाही. त्या घागर तशीच रिकामी घेऊन घरी गेल्या. त्या दिवशी ओसरीवर बसताना त्यांनी शेवंतेला दाराआडून पुढे ओढलं आणि स्वतःच्या मांडीला मांडी लावून बसवलं. तेव्हापासून ती तिथेच बसते. यशू, मुलगा गेल्यावर त्या दोघी पहिल्यांदा एकत्र रडल्या त्या तुझ्या लिहिण्यावर. हे तुझ्या बंबात घालायच्या कागदांनी केलं.

कार्तिक उजाडला आणि मी उरलेली पानं मोजायला लागले, कारण ती संपत आली होती. मी वाचन हळू केलं. एका बैठकीला पान, मग अर्धं पान. अर्थच जास्त सांगायला लागले. पण किती ताणणार? तू तर कृष्णीला ट्रंक घेऊन तापीच्या काठाशी आणून उभी केलीस, नाव पलीकडून निघाली आहे, मागून सासऱ्याची हाक येते आहे, आणि खाली 'क्रमशः' आणि त्यानंतर मासिकच बंद! मी ते शेवटचं पान वाचलं आणि रुमालावर हात ठेवून बसले. ओसरीला वाटलं, आजचं झालं. नाना समाप्तीच्या तयारीचं बोलायला लागले, पुरण किती घालायचं, गावजेवण कधी. आणि मग मला म्हणाले, "बाई, ही पोथी लिहिनाऱ्या मायची समाधी कोन्या गावाले हाय? समाप्तीचं नारय तिकडं धाडू."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. त्यांच्या माहितीतले पोथी लिहिणारे सगळे कधीच समाधिस्थ झालेले. जिवंत माणूस पोथी लिहितं हे त्यांनी ऐकलेलंच नाही. तुझ्या समाधीला नारळ वाहायला निघाले होते गं! मी म्हटलं, नाना, समाधी नाही, ती आहे, धुळ्याला गल्ली नंबर चारमध्ये राहते, तिचे गुडघे दुखतात. मग लोटनआप्पा म्हणाले, "जित्ती हाय? मंग तिलेच इचारा ना, पुढं काय झालं!" मी सांगितलं, पुढचं अजून छापून आलेलं नाही, मी पत्र घालून विचारते. नानांनी मान डोलावली. पोथी अर्धी, तेव्हा समाप्ती नाही. चौरंग हलवायचा नाही, रोज दिवा लावायचा आणि वाट बघायची. म्हणून मी तुला विचारलं होतं, पुढचं प्रकरण कधी.

आणि आता ऐक, ह्यात वांगंही कसं आलं ते. पोथी बसली तेव्हा ऐकणाऱ्या सगळ्यांनी समाप्तीपर्यंत वांगं सोडलं होतं. चातुर्मासात तसं कुणीच खात नाही, त्यामुळे त्यात काही पराक्रम नव्हता. पण चंपाषष्ठी झाली आणि सगळ्या गावाने वांगी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवर भाजायला काढली. तू खानदेशची आहेस, तुला सांगायला नको, थंडीतलं भरीत म्हणजे काय ते. शेताशेतात पार्ट्या चालू आहेत, मागच्या गल्लीतून भाजल्या वांग्याचा वास सरळ नानांच्या ओसरीवर येतो, आणि आमची ही सगळी मंडळी तुझ्या कृष्णीपायी मुगाचं वरण खाऊन बसली आहेत. लोटनआप्पा मला रस्त्यात गाठून म्हणतात, "बाई, तुमच्या मैत्रिनीले लिहा, एक म्हातारा भरतासाठी जीव सोडीन, पाप लागीन तिले." पण सोडलेलं कुणी मोडत नाही हो. रावेरचे लोक मध्यंतरी विचारायला आले होते. नानांनी सांगितलं, पोथी अर्धी आहे, अर्ध्या पोथीत घरातली सून बाहेर देत नाहीत. ते म्हणाले, संक्रांतीनंतर येतो, तोवर संपवा तुमची पोथी, नाहीतर आम्हाला दुसरी घरं आहेत. नाना त्यांना वेशीपर्यंत पोचवून आले. मला कळेना, ते मनातून कुणीकडे आहेत.

अशात तुझं कार्ड आलं. ओसरीवर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काय करणार? वाचून दाखवलं. हात गेला हे वाचलं, थकले हेही वाचलं. लिहून कुणाचं भलं झालं, हे मात्र मला त्या लोकांसमोर वाचवेना, ते मी गाळलं. बेबाबाईंनी पदर तोंडाला लावला. लोटनआप्पा म्हणाले, "म्हन्जे?" आणि पहिल्यांदाच मला अर्थ सांगता आला नाही. नाना म्हणाले, "हात गेला. पन सांगाले तोंड हाय ना त्या मायले?" मी म्हटलं, तोंड आहे, चांगलं धारदार आहे, पण लिहून घेणार कोण? पुतण्या नोकरीवर जातो, त्याला कार्ड लिहायला सवड नसते. तेव्हा शेवंता बोलली. सासऱ्यासमोर, चारचौघांत, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. खाली बघूनच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "नाना, मी जाते धुळ्याले. त्या सांगतीन, मी लिहीन. पोथी अर्धी ठेवू नये." नाना उठून आत गेले. मी घरी आले आणि अंथरुणावर पडले.

तर यशू, हे पत्र तुला टपालवाल्याने दिलेलं नाही हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या मुलीने ते तुझ्या डाव्या हातात ठेवलं आणि जी अजून दारातच उभी असेल, कारण बस म्हटल्याशिवाय ती बसायची नाही, ती शेवंता. तिला आत घे. तिने आगगाडीतून तापी ओलांडली आहे, आयुष्यात पहिल्यांदा. पायरीवर नारळ घेऊन बसलेत ते लोटनआप्पा. ते नारळ तुझ्यासमोर फोडून उद्याच्या गाडीने परत येतील. त्यांनी मागितलं तरी वांगं वाढू नकोस, ते मागतीलच. शेवंतेला तुझ्या मागच्या खोलीत ठेव, मुलींच्या शाळेत तिचं नाव घाल. घरात तुझ्या वहिनींनी नाक मुरडलं तर सांग, ही माझा हात आहे, हात काही घराबाहेर ठेवता येत नाही. कृष्णी नावेत बसते की माघारी फिरते ते तुझं तू ठरव, मी वाचणारी आहे, मी त्यात तोंड घालणार नाही. मला एकच मागायचं आहे, आणि तेही माझं नाही. काल दुपारी नाना शाळेत आले, जन्मात कधी आले नव्हते. उंबऱ्यापाशी पागोटं नीट करत उभे राहिले आणि म्हणाले, "पोथी पुरी घेऊनच सूनबाई घरी येईन, तवर पाटाची गोष्ट नाई, असं रावेरले कयवलं म्या. त्या मायले सांगा बाई, पोथी मोठी असू द्या. फायनल होईस्तोवर पुरली पाहिजे." तेव्हा घाई करू नकोस. रोज थोडं सांग, आणि मुलगी लिहायला रंगली की थांब, 'उरलेलं उद्या' म्हण. तुला ते लहानपणापासून येतंच. तिच्या फडक्यात बांधलेल्या भाकरी मोज. बेबाबाईंनी आज पहाटे उठून थापल्या, दोघांच्या वाटच्या, आणि एक जास्तीची. ती कुणाची म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, ती पोथीवाल्या मायची. शिळी झाली असेल, पण खा.

तुझीच,
कमळी